संस्थाचालकाचा भाचा

"पाचपर्यंत अर्ज आला नाही तर विकल्प गेला, बाई." मुख्याध्यापकांचं हे वाक्य घेऊनच सुकन्या भर दुपारी नवऱ्याच्या दुकानात शिरली. शिवशंकर वडवणीच्या बाजारात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. पंखा घरघरत होता. बाहेर रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता.

अर्जावर दोन चौकोन होते: जुनी पेन्शन योजना किंवा नवी. एकदा केलेली खूण पुन्हा बदलता येणार नव्हती. नव्या योजनेत राहिलं, तर निवृत्तीला मोठी रक्कम एकदम मिळणार होती. त्या रकमेचं घर सुकन्यानं मनात केव्हाच बांधून टाकलं होतं: धारूरच्या डोंगरकडेला, किल्ल्याकडे खिडकी. वर्गात मुलं उत्तरं लिहीत असली, की ती हळूच तिकडं जाऊन राहून यायची. जुन्या योजनेत घर नव्हतं. दरमहा पेन्शन होती, आणि तिच्यामागं शिवशंकरलाही तहहयात त्यातला वाटा. पण त्यासाठी आपल्या नोकरीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे, हे कात्रण जोडून दाखवायचं होतं.

"कुठं गेलं कुणाला ठावं," शिवशंकर आठवडाभर हेच म्हणत होता. "तू आपलं घराचंच बघ."

जाहिरात त्यानंच पाहिली होती. सुकन्या तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून दोघांचे अर्ज घेऊनही तोच गेला होता. जागा दोन आहेत, म्हणाला होता. एक तिला मिळाली. दुसरी संस्थाचालकाच्या भाच्यानं लाटली, आणि बी.एड.ला पहिला आलेला शिवशंकर तारा गुंडाळत बसला. भाचा आधी दुसऱ्या शाखेत होता, मग लांब कुठं बदलून गेला, हेही शिवशंकरच सांगायचा. त्या न पाहिलेल्या भाच्याला सुकन्यानं वीस वर्षं मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

"घर नको मला," ती म्हणाली. "माझ्यामागं तुमच्या हातात काय ऱ्हाईल? कात्रण काढा."

शिवशंकरनं पक्कड खाली ठेवली. मग स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा त्यानं खाली घेतला. शोधावं लागलंच नाही. कात्रण सगळ्यात वर होतं, घडी घालून नीट जपलेलं.

सुकन्याला हसू आलं, रागही आला. तिनं आधी तारीख पाहिली. सप्टेंबर २००५. तिचा जीव भांड्यात पडला. मग ती सावकाश वाचायला लागली. विज्ञान शिक्षक पाहिजे. बी.एस्सी., बी.एड. एकूण जागा: एक.

तिनं पुन्हा वाचलं. डब्यात कात्रणाखाली शिवशंकरचा तेव्हाचा भरलेला अर्ज तसाच होता. पंखा, बाजार, डोंगरकडेची ती खिडकी, सगळं कुठंतरी लांब गेलं.

"अन् त्यो भाचा?"

शिवशंकरनं मान खाली घातली आणि अर्धवट भरलेली मोटार पुढ्यात ओढली.

"संस्थाचालकाला बहीणच न्हाई, सुकन्या."