एकोणसाठ सालची गाडी

“फोरमन, यंदा तुम्ही परीक्षक व्हा,” डॉक्टर म्हणाले. “मानाचं काम आहे.”

 फोरमनची नजर टेबलावरच्या खोक्यावर होती.

मॉडेलच्या दुकानामागच्या खोलीत, छोट्या गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबचे आठ-दहा जण त्या खोक्याभोवती दाटीवाटीने उभे होते. आत एकोणसाठ सालची अमेरिकन गाडी होती, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची, सुट्या तुकड्यांत. उघडं टप, लांबलचक बॉनेट, मागे दोन उंच पंख. आजवर मिळायची ती किटं जुन्याच, झिजलेल्या साच्यांतून काढलेली. हा साचा कोरा करकरीत होता. एकाने चकचकीत बंपर उजेडात धरला. दुसऱ्याने इंजिनाचे तुकडे पार नाकाशी नेले. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते गाडीची पुढची जाळी बघून हरखून गेले होते. “बघा, बघा, एकेक दात सुटा आहे!”

चार महिन्यांनी स्पर्धा होती, कोणालाही खुली. सगळ्यांनी हेच किट जोडायचं होतं.

“परीक्षक का?” फोरमननी विचारलं.

 सगळ्यांच्या नजरा त्यांच्या उजव्या हातावर गेल्या आणि लगेच दुसरीकडे वळल्या. गेल्या वर्षी कारखान्यातल्या प्रेसने त्या हाताची मधली तीन बोटं नेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती.

“मला एक किट द्या,” फोरमन दुकानदाराला म्हणाले. “आणि परीक्षक बाहेरून आणा.”

त्यांची बायको दाराशी उभी होती. ती घरी शिवणकाम करायची. बाजारातून दोरे घ्यायचे म्हणून बरोबर आली होती. फोरमन खोका काखोटीला मारून तरातरा बाहेर पडले. ती जरा वेळाने आली, पिशवी खांद्याला अडकवत.

“अहो, बारीक तुकडे मी धरून देईन,” ती चालता चालता म्हणाली. “दिवसभर सुईत दोराच तर ओवते.”

“तू हात लावायचा नाहीस. शर्टाचं बटण लावायचं नाहीये. तुला नाही जमायचं ते.”

“बरं,” ती म्हणाली.

डावा हात ऐकायलाच तयार नव्हता. पहिल्याच आठवड्यात काचेची चौकट मोडली. रंग ओघळला, तो खरवडून पुन्हा दिला, पुन्हा ओघळला. फोरमननी दात-ओठ खात तिसऱ्यांदा दिला. तुकडा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरायचा, डाव्या हाताने डिंक लावायचा आणि श्वास रोखून बसवायचा. एक आरसा बसवायला अख्खी सकाळ गेली. तो बसल्यावर ते एकटेच मोठ्याने हसले.

शेजारच्या खोलीचं दार बंद असे. हल्ली शिवणयंत्राची खडखड कमी झाली होती. डोळ्यांवर ताण येतो म्हणून बायकोने भिंगाचा दिवा आणला होता. जेवताना ती विचारायची, “रंग वाळायला किती वेळ ठेवता?” किंवा, “चकचकीत तुकड्यांना डिंक धरतो?” फोरमनना बरं वाटायचं. क्लबमधलं कोणी फोनही करत नव्हतं. घरात निदान विचारपूस तरी होती. ते घास बाजूला ठेवून सगळं सविस्तर सांगायचे.

स्पर्धा वाचनालयाच्या सभागृहात झाली. टेबलावर एकवीस गाड्या होत्या, प्रत्येकीपुढे नुसता नंबर. नावं बंद पाकिटांत. बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांनी भिंगं लावून तासभर पाहणी केली आणि नंबर लिहून दिले. डॉक्टर पाकिटं फोडायला उभे राहिले.

तिसरा नंबर खुद्द डॉक्टरांचाच निघाला. टाळ्या झाल्या.

“दुसरा, गाडी क्रमांक चौदा.” डॉक्टरांनी चिठ्ठी काढली आणि ते थबकले. “आपले फोरमन.”

टाळ्या सुरू होता होता विरल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “दोन बोटांनी? काहीतरीच! घरात सुईदोऱ्याचा हात आहे, म्हणून.” दोघंतिघं हसले.

डॉक्टर अवघडले. “वहिनी, राग मानू नका. नियम आहे म्हणून विचारतो. तुम्ही मदत केलीत का?”

“त्यांच्या गाडीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही,” ती शांतपणे म्हणाली.

फोरमन ताडकन उठले. “तिला काय विचारता? तिला यातलं ओ की ठो कळत नाही! एक किट आणा. आत्ता!”

दुकानदाराने नवं किट आणलं. फोरमन सगळ्यांसमोर टेबलाशी बसले. सुटे तुकडे अडकवलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतून स्टिअरिंग कापलं, कड घासली, अंगठा-करंगळीत धरून त्याच्या कड्यावर पांढऱ्या रंगाची केसाएवढी रेघ ओढली. रेघ कुठेही हलली नाही. मागे हसलेल्यांपैकी एकजण पुढे आला, वाकून बघितलं आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली. मग अख्खं सभागृह उभं राहिलं.

“चुकलो आम्ही,” डॉक्टर म्हणाले.

“माफी नको मला,” फोरमन म्हणाले. “याला जमणार नाही, असं आजमावल्याशिवाय पुन्हा कोणाला म्हणू नका, म्हणजे झालं.”

ते ताठ मानेने येऊन बायकोशेजारी बसले. घाम पुसला. ती त्यांच्याकडे बघून हसली.

“आता पहिला,” डॉक्टरांनी शेवटचं पाकीट फोडलं. “गाडी क्रमांक नऊ. परीक्षक म्हणतात, इतकं स्वच्छ काम त्यांनी आजवर बघितलेलं नाही.” त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. 

फोरमन मान वळवून मागच्या रांगांत बघू लागले, हा पठ्ठ्या कोण म्हणून.

बायकोने आपली पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. “धरा जरा,” ती म्हणाली आणि पदक घ्यायला उठली.