विल्फला घरी न्यायला

जेसीबी सोमवारी येणार होता. शनिवारी सकाळीच नोरा टीझडेल बिस्किटांचा रिकामा डबा काखेत मारून मैदानात हजर झाली.

“विल्फला घरी न्यायला आलेय,” ती म्हणाली. “डबाभर माती दे मला गोलपुढची.”

थॉर्नबेक फुटबॉल क्लबच्या मैदानाची निगा राखण्यात डेस पर्व्हिसची एकतीस वर्षं गेली होती, आणि ही बाई आज ना उद्या डबा घेऊन येणार हे त्याला कळायला हवं होतं.

बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब पालटतं म्हणतात. थॉर्नबेकला आठच लागली. आठ वर्षांपूर्वी अकरा माणसं भरायला खाटकाच्या दुकानातून गोलरक्षक उचलून आणायची पाळी यायची. आता संघ तीन वर्षांत दोनदा वरच्या गटात चढला होता, आणि तिथल्या मंडळींना चिखल चालत नाही. म्हणून खरं गवत उखडून प्लास्टिकचं घालायचं ठरलं. प्लास्टिकला माळी लागत नाही, हे डेसला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. सगळं गाव खुशीत होतं. डेसही होता, निदान चारचौघांत.

विल्फ नोराचा नवरा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. क्लबवेड्या माणसांची शेवटची इच्छा या गावात ठरलेली असते: आपली राख रेल्वेकडच्या गोलपुढे पसरायची. नोरानं ती आपल्या हातानं पसरली. तेव्हापासून दर सामन्यानंतर माणसं पांगली की ती गोलमागच्या कठड्याला टेकून विल्फशी बोलत उभी राही. डेस तिथंच गुडघ्यांवर बसून उखडलेलं गवत पुन्हा बसवत असे, तोंडात मिठाची गुळणी धरून. पुढं पुढं तर सामना कधी संपतो याचीच तो वाट बघायला लागला होता.

“गोलपासून चार पावलं,” नोरा म्हणाली. “मी तेव्हाच मोजून ठेवली होती.”

डेस खाली बसला. खुरप्यानं त्यानं दोनदा माती डब्यात टाकली. माती ती माती, तिच्यावर काय नाव लिहिलेलं असतं? नोराला कळायचा प्रश्नच नव्हता.

“पोरीला सांगून ठेवलंय,” ती म्हणाली. “माझ्या शवपेटीत हा डबा ठेवायचा, माझ्या उजव्या हाताशी. डॉक्टर म्हणतात नाताळ बघशील. त्यापुढचं विचारलं की खिडकीबाहेर बघतात.”

डॉक्टरचं डेसला मार्चपासून माहीत होतं. डब्याचं मात्र आज कळत होतं. खुरपं हातातच राहिलं.

“नोरा, विल्फ इथं नाहीये.”

“नाहीये म्हणजे? उठून गेला?”

“राखेनं गवत जळतं गं. दोन दिवसांवर सामना होता, त्यात पाऊस. नुसता लगदा झाला असता, आणि गोलरक्षक त्यात लोळला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडून काढली. सगळ्यांचीच काढतो. आजवर नऊ जणांची काढली.”

“कुठं टाकलीस?”

“टाकली नाही गं, पुरली. प्रत्येकाची वेगळी, वर एकेक वीट ठेवून. पाहुण्या संघाच्या बाकामागे. तिथं कुणाचा पाय पडत नाही.”

त्या बाकावर बसणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा विल्फनं चाळीस वर्षं उद्धार केला होता. डेसला वाटलं, नोरा आता हसेल. ती हसली नाही.

“आणि मी अकरा वर्षं इथं कुणाशी बोलत होते?”

शरमेनं डेसची मान वर होईना. त्यानं डब्यातली माती परत खड्ड्यात ओतली आणि पायानं दाबली. सोमवारी सगळंच उकरलं जाणार होतं, पण हाताला सवय.

ते दोघं मैदानाला वळसा घालून पलीकडे गेले. डेसनं डावीकडून चौथी वीट बाजूला केली आणि हलक्या हातानं खणलं. वीतभर खाली माती करडी निघाली. बोटांनी चिवडली की बारीक कण टोचत होते. डबा काठोकाठ भरला. नोरानं तो मांडीवर घेतला आणि ती पाहुण्यांच्या बाकावर बसली. जन्मात पहिल्यांदा. तिनं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. विल्फशी काय बोलावं हे तिला सुचत नसावं.

पलीकडे एक मालगाडी धडधडत निघून गेली.

“तू तिथंच असायचास,” ती समोरच्या गोलकडे बघत म्हणाली. “दर वेळी. खाली मान घालून.”

“असायचो.”

“ऐकू यायचं?”

“कानाला झाकण नसतं, नोरा.”

“किती ऐकलंस?”

“छप्पर गळत होतं ते. पोरीचा संसार मोडला ते. हिवाळ्यात तू दोन दिवस पडून होतीस आणि कुणाला पत्ताच नव्हता, ते.” तो अडखळला. “मार्चमधलं पण.”

आता ही उठून जाणार, असं त्याला वाटलं. जावंच तिनं, तो मनाशी म्हणाला. पण नोरा उठली नाही. बाकावर ठेवलेली आपली पिशवी तिनं उचलून पायाशी ठेवली, आणि तेवढी जागा रिकामी झाली.

“मग मेल्या,” ती म्हणाली, “अकरा वर्षांत एकदा तरी उत्तर द्यायचंस.”