कागदावरचा सूर्य

"एक्स-रेतून सूर्य बघायचा नाही. डोळा कायमचा जाईल. कोणी आणलाय का?"

रवींद्र सरांनी दरवर्षी विचारायचं म्हणून विचारलं. माजिवड्याच्या त्या शाळेच्या गच्चीवर दहावीचा वर्ग दुर्बिणीभोवती गोळा झाला होता. चहूबाजूंनी टॉवर उठल्यापासून सूर्य गच्चीवर यायचा तो मधल्या सुट्टीच्या सुमाराला, आणि तोही घाईतच.

दुर्बिणीला डोळा कोणी लावायचा नव्हता. तिच्या मागे स्टुलावर पांढरा कागद उभा केला होता आणि त्यावर सूर्य पडला होता, पुरीएवढा. पुरीवर तीन-चार काळे ठिपके. सरांनी सांगायचं ते सांगितलं. हे सौरडाग. यातला एखादा आपल्या अख्ख्या पृथ्वीपेक्षा मोठा असतो. आपलं आदित्य यान पंधरा लाख किलोमीटर लांब जाऊन याच्यावरच नजर ठेवून आहे. आणि कागदावर दिसतोय तो सूर्य आत्ताचा नव्हे, आठ मिनिटांपूर्वीचा.

"म्हणजे सर, सूर्य विझला तरी आठ मिनिटं आपल्याला कळणारच नाही?" करिश्माने विचारलं.

"नाही कळणार."

"भारी ना," हर्षित म्हणाला. "आठ मिनिटं फुल टेन्शन-फ्री."

वर्ग हसला. एरवी सरांनी त्याची फिरकी घेतल्याशिवाय सोडलं नसतं. पण पावसाळ्यात त्यांची बायको, वैशाली, गेली आणि तेव्हापासून त्यांना तोंडपाठ होतं तेवढं सगळं येत होतं, वाटत मात्र काहीच नव्हतं. रडूही नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर हिरडी बधिर करतात, तसं सगळं झालं होतं.

समृद्धीने दप्तरातून एक मोठं पाकीट ओढून काढलं. "सर, मी आणलाय एक्स-रे. आईचा आहे. जुना आहे, घेऊन जा म्हणाली."

सरांनी फिल्म काढून घेतली. सूर्याकडे पाठ केली आणि सवयीने ती आभाळासमोर धरली.

"सर, आम्हाला नाही म्हणता आणि स्वतः बघताय?" हर्षितने विचारलं.

"सूर्य नाही बघत रे."

उजव्या बाजूला, वर, बरगड्यांच्या मागे पांढरट पुंजका होता, कडा विस्कटलेला. सर काही डॉक्टर नव्हते. पण वैशालीच्या अशाच फिल्मा त्यांनी वर्षभर खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या होत्या. कोपऱ्यात नाव होतं शीला आणि तारीख गेल्या महिन्याची. म्हणे जुना.

"आई खोकते का गं?"

"थोडं. वागळे इस्टेटला कंपनीत धूळ असते ना, त्याने. का सर?"

"काही नाही. तू डागांचं चित्र काढ. कागद हलू देऊ नकोस."

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन त्यांनी समृद्धीच्या आईला फोन लावला. पलीकडे मशीनची धडधड चालू होती.

"ताई, शाळेतून रवींद्र सर बोलतोय. तुमचा एक्स-रे आहे माझ्या हातात."

थोड्या वेळाने धडधड मागे पडली. बाई बाहेर आली असावी.

"तिला काय बोललात काय, सर?"

"नाही."

"नका बोलू. मोठ्या हॉस्पिटलला दाखवा बोललेत मला. दाखवणार आहे ना मी. मार्चमध्ये तिची परीक्षा झाली की लगेच. दहावीचं वर्ष आहे, सर. तिला कपाटात दिसला, सूर्य बघायला पाहिजे बोलली. नाही बोलले असते तर विचारत बसली असती. म्हटलं फोटोतलं हिला काय कळणार, म्हणून दिला."

वैशालीनेही असंच ठरवलं होतं. यांचे बोर्डाचे पेपर तपासून होऊ देत, मग सांगू, म्हणून ती दोन महिने काही बोलली नव्हती. ते दोन महिने सर मजेत होते.

"तिला मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण मार्च नाही, ताई. उद्या सकाळी. मी येतो तुमच्याबरोबर. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या डॉक्टरांना कधी गाठायचं, सगळं माहीत आहे मला."

"उद्या खाडा पडेल, सर."

"पडू दे."

"कुठे येऊ?" बाईने विचारलं.

"माजिवड्याच्या रिक्षा स्टँडवर. आठ वाजता."

फोन ठेवल्यावर सरांना छातीत काहीतरी ठणकल्यासारखं झालं. हिरडीचा बधिरपणा उतरायला लागला की पहिल्यांदा ठणका येतो, तसंच. त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट काखेत धरलं.

"सर, सूर्य गेला," समृद्धीने हाक मारली.

कागद कोरा होता. पृथ्वी फिरते तसा सूर्य दुर्बिणीतून निसटतो, थोड्या थोड्या वेळाने नळी सरकवावी लागते. आज ते सरांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पोरं डबे उघडून बसली होती. समृद्धी एकटी कागदापाशी, डाग जिथे होता तिथे पेन्सिल टेकवून जागा धरून बसली होती.

सरांनी नळी बोटभर सरकवली. सूर्य कागदावर परत आला.

"आता तुम्ही इथेच थांबा ना, सर," कागदावरची नजर न काढता ती म्हणाली. "सारखा निसटतोय."

सर तिच्या शेजारी खाली बसले आणि दोन्ही हातांनी नळी धरून राहिले.