चाळिसावं जोडपं

बायकोने बोलायला तोंड उघडलं की हा बाप्या दोन्ही कानांवर हात ठेवायचा. वर म्हणायचा, "विज्ञानासाठी." तेही जेवणाच्या टेबलावर, सख्ख्या आईसमोर. याला शिकवण्यात आपण उमेदीची वीस वर्षं घातली, हे आठवून आईला स्वतःचाच राग यायचा.

लेक मोठ्या दवाखान्यात समुपदेशक होता. सतत भांडणाऱ्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवून नीट बोलायला शिकवलं तर त्यांचं खरंच सुधारतं का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी चाळीस जोडपी हवी होती. वीस जोडप्यांनी दर आठवड्याला त्याच्या खोलीत येऊन बोलायचं. उरलेल्या वीस जोडप्यांनी बारा आठवडे नुसतं थांबायचं. कोण कुठे, ते बंद पाकीट ठरवणार. आणि दर आठवड्याला सगळ्यांनी तक्रारींचा तीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा; तक्रार नसेल तिथे शून्य.

एकोणचाळीस जोडपी मिळाली. चाळिसावं काही केल्या मिळेना. जगात भांडणाऱ्या नवरा-बायकोंचा दुष्काळच पडला होता जणू. शेवटी साहेबांना घरातलं जोडपं आठवलं. स्वतःचंच.

सून लगेच तयार झाली. ती कवळ्या बनवायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासूच्या तोंडातले दातही तिनेच घडवलेले. सासूने ते अधूनमधून तिच्यावरच चालवले होते. पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नव्हतं. तो दिवसभर परक्यांचं ऐकून यायचा. घरी येईपर्यंत कान संपलेले असायचे. दवाखान्यात तरी ऐकेल, म्हणून तिने सही केली.

पाकीट फोडलं. नंबर लागला थांबणाऱ्यांत.

"मग बिघडलं कुठे? तिथे नाही तर इथे बोला," आई म्हणाली.

"चालायचं नाही. घरी मनातलं बोलत बसलो तर तोच उपचार झाला. माझा आकडा बिघडेल."

बाकीची एकोणीस थांबणारी जोडपी आपापल्या घरी खुशाल भांडत होती, रुसत होती, समजूत काढत होती. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. मनाई फक्त या घरात होती, कारण नियम करणारा इथेच राहत होता.

तिसऱ्या आठवड्यात सून म्हणाली, "मला दुसऱ्या शहरात बोलावलंय. सगळा विभाग माझ्या हाताखाली देतायत. मी जाऊ का..."

हात कानांवर गेले. "नऊ आठवडे थांब."

"त्यांना महिन्यात उत्तर हवंय."

"फॉर्मच्या खाली मोकळी जागा असते. तिथे लिही."

तिने लिहिलं. फॉर्म पाकिटात बंद करून त्याच्या हातात दिला. आणि बारा आठवडे एकही पाकीट उघडायचं नाही, हाही त्याचाच नियम.

आईने मध्ये तोंड घातलं. "अरे, नुसतं हो-नाही तर म्हण तिला!"

"आई, तुला यातलं कळत नाही."

चौथीत शाळा सुटलेल्या बाईला खरंच कळत नव्हतं.

पुढे पुढे घर शांत झालं. सून हसतमुख असायची. न मागता चहा पुढ्यात ठेवायची. लेक तो चहा पीत आईला म्हणायचा, बघ, उगाच काळजी करत होतीस.

बारा आठवडे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळी पाकिटं फोडून टेबलावर पसरली. दुपारपर्यंत बेरजा झाल्या.

"आई, फरक पडतो! बोलणाऱ्या वीसपैकी पंधरा जोडपी सुधारली, थांबणाऱ्यांत जेमतेम चार. नवरा-बायको बोलले की सुधारतं, आता माझ्याकडे पुरावा आहे!" मग त्याचं तोंड जरा उतरलं. "घोळ केला तो आमच्याच जोडप्याने. काही उपचार नाही, आणि हिच्या तक्रारी थेट शून्यावर! चाळीस जोडप्यांत एवढी सुधारणा कुणाचीच नाही. थोडं भांडली असती तर काय बिघडलं असतं हिचं?"

आईने सुनेचे कागद पुढे ओढले. "खाली काय लिहिलंय?"

"ते नंतर वाचायचं असतं. आधी आकडे."

"वाच."

त्याने वाचलं. तिसऱ्या आठवड्याच्या कागदावर अक्षर पाठीमागच्या बाजूपर्यंत गेलं होतं. शेवटची ओळ होती, 'तू राहा म्हणालास तर मी राहीन.' चौथ्यावर तेवढीच ओळ. पाचव्यावर, 'हो किंवा नाही, एवढंच सांग.' सहाव्यावर, 'उद्या उत्तर द्यायचंय.' सातव्यापासून जागा कोरी. वर तीस प्रश्न, तीस शून्यं, एका सरळ रेषेत.

 तो कागद गोळा करायला लागला. "असू दे. आता नियमाप्रमाणे थांबणाऱ्यांची बोलायची पाळी असते. आज संध्याकाळी बसतो आम्ही दोघं, निवांत बोलतो. कामावरून कधी येणार आहे ती?"

"सकाळी सहाच्या गाडीने गेली ती. बॅग घेऊन."

"आणि तू मला आता सांगतेस?"

"तुझा आकडा बिघडला असता ना." आईने चष्मा काढला. "होकार कळवला तेव्हाच जायचं होतं रे तिला. तिकडून दोनदा बोलावणं आलं. पण सही केली होती ना तिने! म्हणाली, शेवटचा फॉर्म भरते आणि मगच निघते. इतकं तुझं ऐकणारी बाई तुला चाळीस घरं फिरून मिळायची नाही, गाढवा."