बाळदेवाचा प्रसाद

“उजवा हात पुढे करा, डावा चालणार नाही!” असं दरडावत मी आमच्या बसमधल्या बत्तीस जणांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. जपानमधल्या त्या समुद्रकाठच्या खेड्यात, लाल लाळेरं बांधलेल्या दगडी बाळदेवापुढे सहा संत्री ठेवलेली मला दिसली होती. सोसायटीच्या सत्यनारायणाचा प्रसाद वीस वर्षं मीच वाटतो; हात शिवशिवले.

“अहो, विचारलंत का कुणाला?” बायको कुजबुजली.

“प्रसादाला कसली परवानगी? खा गुपचूप.”

तेवढ्यात समोरच्या घरातून एक आजी आल्या. त्यांनी रिकामी ताटली बघितली, मग आमची हलणारी तोंडं. त्या आमच्या गाईडशी, शर्वरीशी, हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि आमच्यापुढे कमरेत वाकल्या.

“त्यांचा मुलगा लहानपणी इथल्या समुद्रात बुडाला. आज त्याचा वाढदिवस, म्हणून संत्री ठेवली होती,” शर्वरी म्हणाली.

“मग आता आपल्यावर ओरडतायत?”

“नाही काका, माफी मागतायत. यंदा संत्री आंबट निघालीत म्हणून.”

माझ्या तोंडातली फोड गोड होती. ती गिळता येईना, थुंकता येईना.