पुढचा डावा, मागचा उजवा

गेल्या आठवड्यात पुढचा डावा पाय दुखत होता, आज मागचा उजवा. डॉरकासने कुत्र्याच्या पिल्लाच्या पायाची नळी अंगठ्याने दाबली तसं ते केकाटलं, आणि कुंपणातल्या साऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.

सहा महिन्यांचं पिल्लू, पण उभं राहिलं की उचीवाच्या कमरेला लागायचं. गेल्या वर्षी चित्त्याने तिची अकरा करडं नेली, म्हणून राखणीची मोठी कुत्री देणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या डॉरकासनेच ते आणून दिलं होतं. नीट पाळलं नाही तर परत नेणार, हेही तेव्हाच सांगितलं होतं. आज तिच्या गाडीत पिंजरा होता. गाडी थांबायच्या आतच उचीवाने तो पाहिला होता.

उचीवाचा थोरला दीर चेरीपो खुर्ची घेऊन बाभळीखाली बसला होता. आवार त्याचं, साठ गाई त्याच्या, त्यामुळे कोणी विचारलं नव्हतं तरी तो बोलत होता. विधवा बाईच्या हातचं पातळ पीठ पिऊन कुत्रं दुसरं काय होणार? बरगड्या मोजून घ्या. आल्यागेल्यासमोर मान खाली घालायची पाळी आणली हिने.

"बरगड्या हाताला लागायलाच हव्यात," डॉरकास म्हणाली. "एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलंच बरं. वाढत्या वयात हाडं दुखतात, कधी ह्या पायात, कधी त्या. ते जातं आपोआप. पण हे बघा."

पिल्लाची पुढची मनगटं गाठी आल्यासारखी जाड झाली होती. हाडं भराभर वाढावीत म्हणून कोणीतरी ह्याला भलतंच काही चारतंय, असं म्हणून तिने कागदावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं. तिथे लिहिलं होतं: खायला कोण घालतं? उचीवा.

उचीवाच्या कानशिलांना आग लागली. तुम्ही दिलेलं खाणं, तुम्ही दिलेल्या डब्याने मोजून, सकाळ-संध्याकाळ. दुधाचा थेंब नाही, हाडाचा तुकडा नाही. आणखी काय सांगायचं?

डॉरकासने चेरीपोलाही विचारलं. तो हसला. गाईवाल्या माणसाने कुत्र्याच्या ताटलीत हात घालावा, एवढे दिवस फिरले नव्हते म्हणे.

"ताई, मला न्यावं लागेल ह्याला," डॉरकास हळूच म्हणाली आणि पिंजऱ्याची कडी काढायला गेली.

"खाऊन तरी जाऊ दे त्याला."

उचीवाने डबा मोजला. सपाट, बोट फिरवून. ताटली जमिनीवर जरा आदळलीच. पिल्लू लंगडत आलं, हुंगलं, आणि मागचा पाय उचलून धरत ताटलीला वळसा घालून थेट खुर्चीकडे गेलं. चेरीपोच्या उजव्या हाताखाली डोकं घातलं, बोटं तोंडात घेतली आणि एकेक चाटायला लागलं. रोजचं काम असावं तसं. अंगठा शेवटी.

चेरीपोच्या नखांत पांढरं होतं. कोरड्या दिवसांत गाईंची हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून मीठ नि हाडांची पूड कालवून कुंडात ठेवतात, ते.

पिंजऱ्याची कडी परत लागल्याचा आवाज आला.

"माझी वासरं ह्याच्यावरच उभी राहिली," चेरीपो म्हणाला. आवाज अजून खाली आला नव्हता. "ह्या आवारातलं कुत्रं किडकिडीत दिसलेलं मला चालणार नाही."

"मग बाहेरच्यांना सांगायचं होतंत, मी चारतो म्हणून." उचीवाने डॉरकासच्या हातातला कागद घेतला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "ती ओळ तुमच्या हाताने खोडा, भाऊजी."

चेरीपोने पेन घेण्याआधी हात विजारीला पुसला, दोनदा, घासून.

पिल्लू दुखरा पाय लांब करून बसलं आणि विजार चाटायला लागलं.