वेगाचं बटण

‘डॉक्टर, काकांचं सोडियम घसरून एकशे दहावर आलंय. नेहमीच्या वेगानं डायलिसिस केलं, तर ते एकदम चढेल आणि मेंदूला इजा होईल,’ सिस्टर म्हणाली. ‘बाहेर सहाजण ताटकळलेत,’ म्हणत डॉक्टरांनी मशीनचा वेग वाढवला. तिनं बटण मागे फिरवलं. ‘उपाशी जिवाला घासाघासानं भरवतात, कोंबत नाहीत! गेल्या महिन्यात अशीच घाई केलीत, याच खाटेवरच्या मास्तरांची वाचा गेली. कागदावर मात्र तुम्ही लिहिलंत, “वय झालं होतं”!’ खाटेशेजारी काकू घाबरून उठल्या. ‘सिस्टर, हे बोलतील ना हो घरी आल्यावर? चाळीस वर्षांचं भांडण अर्धवट राहिलंय आमचं.’ सिस्टरनं स्टूल ओढलं, मशीन आणि डॉक्टरांमध्ये ठेवलं आणि ठाण मांडून बसली. ‘भांडाल, काकू. आज दोनच तास, हळूहळू. डॉक्टर, माझी तक्रार लिहायचीय? लिहा. सावकाश लिहा. दोन तास मी इथेच आहे.’